डाव्या बाजूच्या चुका

छापखान्यात तिच्या वडिलांना सगळे 'कानामात्रा' म्हणत, आणि तेही तोंडावर. त्यांना त्याचा राग येत नसे. कुणी ते नाव चिठ्ठीवर लिहिताना मध्ये जागा सोडली, तर मात्र येई.

चाळीस वर्षे छपाईआधीची मुद्रिते तपासून निवृत्त झाले, तरी लाल पेन्सिल काही हातातून सुटली नाही. औषधाच्या खोक्यापासून लग्नपत्रिकेपर्यंत जे छापलेले समोर येईल ते तपासायचे, आणि पान संपले की खाली उजव्या कोपऱ्यात वेळ टाकायची. "कधी वाचलं ते कळायला नको? चूक सुटली तर डोळे दमले होते का, एवढं तरी समजतं," असे त्यांचे म्हणणे. त्यामुळे फ्लू फुफ्फुसात उतरला आणि त्यांना रुग्णालयात ठेवावे लागले, तेव्हा मुलीने टॉवेल आणि चष्म्याबरोबर पेन्सिलही पिशवीत टाकली.

पहिल्याच दिवशी त्यांनी भिंतीवरचे घड्याळ सहा मिनिटे मागे असल्याचे सिस्टरच्या नजरेला आणून दिले. सिस्टरने खुर्चीवर चढून ते नीट लावले. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, पण ऑक्सिजनचा मास्क काही निघाला नव्हता. चौथ्या दिवशी सकाळी अकराला, भेटायची वेळ सुरू होताच, मुलगी तोंडाला मास्क लावून आत आली.

"या, या," शेजारच्या खाटेवरचे काका म्हणाले. जन्मभर बस चालवलेला माणूस, त्यामुळे आवाज शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. "तुमच्या बाबांनी आज माझी सोय केली. दोन पावांपैकी एकच खाल्ला. दुसरा माझ्यासाठीच ठेवला असणार, पण घ्या म्हणतील तर शपथ."

ताटली अजून पुढ्यातल्या टेबलावर होती. उजवीकडचा पाव संपलेला, डावीकडचा जसाच्या तसा.

"बाबा, भूक नाही का?"

मास्कमधून "हूं" असे काहीतरी आले. त्यांचे डोळे खिडकीकडे, उजवीकडे होते. थकले असतील, तिला वाटले. तीन दिवस तापात काढलेत.

ताटलीशेजारी रुग्णालयाचे सूचनापत्रक पडले होते. दोन सुटे कागद, दोन्हींवर लाल खुणा. तिला हसू आले. पहिले पान तर गोवर उठल्यासारखे दिसत होते. कोपऱ्यात नेहमीच्या टोकदार अक्षरात ९.०५. दुसऱ्या पानावर खुणा कमी होत्या, आणि खाली ९.४०.

"अहो बाबा, इथे मथळ्यातच 'सुचना' छापलंय, पहिला उकार. आणि तुम्ही सोडलंत? म्हातारे झालात हो!"

एरवी या वाक्यावर पाच मिनिटांचे व्याख्यान झाले असते. आज त्यांची नजर खिडकीवरून हललीही नाही.

ती पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करायची. दिवसभर आकडे बघायची सवय. तिने पुन्हा पानाकडे पाहिले. चार ओळींच्या सुरुवातीला 'रूग्ण' असे दीर्घ छापलेले, चारही सुटलेले. पण ओळींच्या शेवटी एक साधा स्वल्पविरामसुद्धा त्यांनी सोडला नव्हता. तिने पान उभे दुमडले. उजव्या घडीवर अकरा खुणा. डावीकडे एकही नाही.

थकलेल्या माणसाकडून चुका सुटतात, पण त्या पानभर विखरून सुटतात. अशी मधोमध रेघ मारून कुणी थकत नाही.

ती खाटेला वळसा घालून त्यांच्या डाव्या हाताला जाऊन उभी राहिली. "बाबा, मी इथे आहे." त्यांनी मान वळवली ती उजवीकडे, आणि तिथे ती नव्हती म्हणून गोंधळून खिडकीकडे बघत राहिले. तिने त्यांचा डावा हात उचलून धरला आणि सोडला. तो ओल्या टॉवेलसारखा खाली पडला. मास्क जरासा उचलला, तर ओठाचा डावा कोपरा खाली ओघळलेला. सकाळपासून तो मास्कखाली झाकून राहिला होता.

"सिस्टर!"

सिस्टर आली, तिने एकदा बघितले आणि धावतच फोनकडे गेली. काही मिनिटांत मेंदूविकाराची डॉक्टर हजर झाली. वयाने लहान, बोलणे मोजके. डोळ्यांपुढे बोट फिरवले, हात वर करायला लावले, तळव्यावर पेनाचे टोक ओढले.

"मेंदूच्या उजव्या बाजूला गुठळी अडकलेली दिसते. अशा विषाणूच्या आजारात रक्त गोठायला टपलेलंच असतं. आता नीट ऐका. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन आहे, पण ते साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. उशीर झाला तर फायदा राहत नाही, उलट रक्तस्राव व्हायची भीती. यांना शेवटचं ठणठणीत कुणी पाहिलं, आणि किती वाजता?"

सिस्टरने नोंदवही उघडली. "सहाला. बोलले, स्वतः उठून बसले. दहाला झोपाळू वाटले..." तिचा आवाज खाली गेला. "तापाचा थकवा असेल, असं वाटलं मला."

डॉक्टरने घड्याळाकडे पाहिले. अकरा वीस. सहापासून मोजले तर वेळ कधीच टळून गेली होती.

"मला बोलले होते की!" बसवाले काका उठून बसले. "मी 'पानी' म्हणालो तर म्हणे, तुमचा 'ण' नळातून गळतो. शुद्धीवर असल्याशिवाय कुणी इतकं टोचून बोलेल का?"

"किती वाजता?"

काकांचा चेहरा पडला. "ते काही सांगता येत नाही हो. स्टेअरिंग सुटल्यापासून मी घड्याळ बघतच नाही."

तेव्हा मुलीने दोन्ही पाने डॉक्टरच्या पुढे धरली. "हे पान त्यांनी नऊ पाचला संपवलं. दोन्ही बाजूंच्या चुका पकडल्यात. हे दुसरं नऊ चाळीसला. डावी बाजू त्यांना दिसलेलीच नाही. म्हणजे नऊ पाचला ते ठीक होते."

"वेळ घड्याळात बघून लिहितात? अंदाजाने नाही?"

"अंदाजाने?" सिस्टर म्हणाली. "डॉक्टर, या माणसाने मला खुर्चीवर चढवून घड्याळ नीट करायला लावलंय."

डॉक्टरने पहिले पान डावीकडून उजवीकडे, ओळीवर बोट ठेवून तपासले. एकेक खूण. मग म्हणाली, "एक पस्तीसपर्यंत वेळ आहे. स्कॅनला न्या. आत्ता."

स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता. बारा वाजून दहा मिनिटांनी इंजेक्शन सुरू झाले. मुलगी बाहेरच्या बाकावर बसली, मांडीवर पिशवी, पिशवीत टॉवेल. या तासा-दीड तासात ती नक्की कुठल्या देवाला काय बोलली, हे तिला नंतर आठवेना. दीडच्या सुमारास सिस्टरने दार उघडले. मास्कवर फक्त डोळे दिसत होते, पण ते हसत होते.

"हात उचलला त्यांनी. डावा. आणि उशी वाकडी आहे म्हणाले."

मुलगी रडली. इतका वेळ ते राहूनच गेले होते.

दुसऱ्या दिवशी अकराला ते उशीला टेकून बसले होते. डाव्या हाताची बोटे अजून अवघडलेली होती, सदऱ्याचे बटण काही लागत नव्हते. महिनाभर व्यायाम करावा लागेल, असे डॉक्टर सांगून गेली होती. ओठ मात्र जागेवर आला होता.

"पान दे."

"कुठलं?"

"उगाच भोळी होऊ नकोस. दुसरं."

तिने दिले. पहिले पान डॉक्टरने फाइलला लावून ठेवले होते. बाबांनी दुसऱ्या पानाच्या डाव्या बाजूवरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवले.

"हे मी बघितलंच नाही?"

"नाही, बाबा."

"आणि खाली वेळ घातली." त्यांनी मान हलवली. मग ९.४० वर आडवी रेघ मारली आणि वरपासून सुरुवात केली. 'सुचना'. 'रूग्ण', चारदा. 'दुध'. 'आजुबाजुला'. लाल पेन्सिल डाव्या समासाला घासत सावकाश खाली उतरत होती. ती मोजत होती. तिने आदल्या संध्याकाळी घरी बाबांचे नियम आठवून आठवून या पानावरच्या डावीकडच्या सात चुका काढल्या होत्या. सात झाल्या. पेन्सिल थांबली नाही.

"आठवी कुठली?" ती वाकली.

"'नातेवाईकांनी गर्दी करू नये.'"

"मग? बरोबर तर आहे."

"हेच शिकवलं मी तुला?" आवाज अजून थोडा जड होता, पण धार जुनीच. "नातेवाईक एकटा असेल तर दीर्घ. पुढे प्रत्यय लागला की ऱ्हस्व. 'नातेवाइकांनी'."

"पार आखडतो म्हणजे बिचारा."

"नियमच आहे तसा."

"असेल," ती म्हणाली. "काल बाहेरच्या बाकावर मीही तशीच आखडले होते."

पलीकडून बसवाले काका जोरात हसले. बाबांनी तिच्याकडे पाहिले. ती त्यांच्या डाव्या बाजूला उभी होती. मग त्यांनी मान वर करून घड्याळ पाहिले आणि कोपऱ्यात लिहिले, ११.२०.