पाहुणी म्हणून या

नवी सिस्टीम घातली त्या सकाळी वैदेहीबाई पोंक्षे यांच्या घराचं दार उजवीकडून डावीकडे गेलं. दार म्हणजे काही मांजर नव्हे, उठून जागा बदलायला. पण कॉम्प्युटरवरचं खिडकी मिटायचं बटण उजव्या कोपऱ्यातून डाव्या कोपऱ्यात गेलं होतं. घरानंही तेच केलं, एवढंच. बाई सवयीनं दुधाची पिशवी घ्यायला उजवीकडे गेल्या आणि भिंतीला कपाळ लावून परत आल्या.

चिपळुणात लग्नपत्रिका टाइप कराव्यात त्या वैदेहीबाईंनी. 'श्रीकृपेकरून'पासून 'अगत्य येण्याचे करावे'पर्यंत बोटं आपली आपण चालायची, मजकूर वाचायची गरजच नसे. तिथंच घात झाला. जुनी सिस्टीम काढताना नवीनं सतरा प्रश्न विचारले आणि बाईंनी न वाचता सतराही प्रश्नांना 'हो' म्हटलं. शेवटचा होता: पहिलं नाव सांगता येईल तोच घरचा माणूस धरायचा का?

आता पडद्यानं नाव विचारलं. बाईंनी 'वैदेही' टाइप केलं.

'हे लग्नात ठेवलेलं. पहिलं सांगा.'

बाई थांबल्या. लग्नात मोरेश्वररावांनी ताटातल्या तांदळांवर अंगठीनं 'वैदेही' लिहिलं, पेढे वाटले गेले, आणि त्याआधीचं नाव तांदळाखाली गेलं ते गेलंच. आई हाक मारायची, विहिरीच्या पायरीवरून. हाकेचा सूर आठवत होता, अक्षरं नव्हती. आई गेली, भाऊ गेला. हजारो नवऱ्यामुलींची नावं बाईंनी ठळक टाइपात बसवली होती. त्यातलं एकही आपलं वाटेना.

'आठवत नसेल तर पाहुणी म्हणून या,' पडदा म्हणाला. 'पाहुण्यांनी केलेलं, त्या उठल्या की पुसलं जाईल. चार वाजता पाहुण्याही पुसल्या जातील.'

बाईंनी सवयीनं 'हो' दाबलं.

मग त्यांनी पोहे केले. ओट्यापाशी उभ्या होत्या तोवर मोरेश्वरराव चवीनं खात होते. बाई स्वयंपाकघरातून बाहेर पडल्या, तशी बशी कोरडी झाली. मोरेश्वरराव रिकामं तोंड चावत राहिले.

"कधी आलात?" त्यांनी विचारलं.

"छत्तीस वर्षं झाली."

"अरे वा. मग राहा की दोन दिवस."

मोरेश्वररावांना पडद्यानं अडवलं नव्हतं. पुरुषांचं नाव बदलतंय कुठं.

"अहो, माझं पहिलं नाव काय होतं?"

मोरेश्वररावांनी मनापासून विचार केला. "तुमचं मला कसं ठाऊक असणार? थांबा, आमच्या हिला विचारतो. पाहुण्यांची नावं तिला पाठ असतात." आणि आत तोंड करून त्यांनी हाक मारली, "वैदेही!"

माळ्यावर काहीतरी सरसरलं.

तिथं माहेरची भांडी होती. बाई शिडी लावून चढल्या. माहेरच्या भांड्यांवर नाव कोरलेलं असतं, आणि आईनं ती लग्नाच्या आधी घेतली होती. कळशी पाहिली: वैदेही. परात, गडू, पोळ्यांचा डबा: सगळीकडे वैदेही, तेही एकाच हातानं कोरल्यासारखं. राहिलं एकच ताट, लग्नातलं. त्यात अजून तांदूळ होते.

बाईंनी ओंजळीनं तांदूळ उपसले. तळ दिसेना. पुन्हा उपसले.

"वैदेही, अगं, या बाई आल्यात!" खालून हाक आली, आणि ताटात ओंजळभर तांदूळ वर आले.

"हाक मारू नका," बाई म्हणाल्या.

"तुम्हाला नाही हो मारत," मोरेश्वरराव सौजन्यानं म्हणाले.

उपसता उपसता दुपार झाली, माळा गुडघ्यापर्यंत भरला. खालच्या घड्याळात चारला पाच मिनिटं कमी होती. बाईंनी उपसणं सोडलं आणि कोपरापर्यंत हात आत खुपसला. तांदूळ गार होते, विहिरीच्या पायरीसारखे. अगदी खाली, ताटाच्या थंड पत्र्यावर, बोटाला एक खाच लागली. मग तिला जोडून एक काना. पत्रिकेतली अक्षरं बोटांनाच ठाऊक असायची. बाईंनी डोळे मिटले आणि बोट पुढं सरकवलं.

खाली मोरेश्वररावांनी चहाचं आधण ठेवलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि बायकोला बोलवायला तोंड उघडलं.