थंड देशाच्या गवताला पुरून उरलेली हरळी

मी हरळी बोलतेय. नाक मुरडू नका. खणा, उपटा, जाळा, तरी पुन्हा उगवणारी जात आहे माझी, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

मानवत गावात महालिंगअप्पांच्या अंगणात मी आपोआप उगवले. कुणी पेरलं नाही की कौतुक केलं नाही. अप्पांचं धान्याचं दुकान. त्यांच्या पत्नी शिवम्मा यांच्या तळपायांची रात्रंदिवस आग व्हायची. गोळ्या झाल्या, मेंदी झाली, काशाच्या वाटीनं पाय घासून झाले, पण आग काही हटेना.

गेल्या दिवाळीला त्यांची लेक शिवरंजनी परदेशातून आली. तिच्या गावी बर्फ पडतो. अप्पांनी फोनवर हट्ट धरला म्हणून तिनं तिकडच्या गवताचं बी आणलं होतं.

"अप्पा, हे थंड हवेतच जगतंय. आपल्या उन्हात न्हाई टिकायचं."

"आगं, थंड देशाचं गवत गुणानं थंडच असणार! सब्जा थंड, काकडी थंड, तसं हे. तुझ्या आईचे पाय निवतील."

सब्जा मध्ये आल्यावर लेक काय बोलणार!

मग ते बी पेरायला बायनाबाईनं मला खणून काढलं. बिचारी मजुरीला आली होती, तिच्यावर माझा राग नाही. जाताना ती म्हणाली, "मालक, ही हरळी हाय. लय चिवट." शहाणी बाई!

थंडीत पाहुणी तरारली. मऊ, हिरवीगार. खोटं कशाला बोलू, माझा जळफळाट झाला. थंडीत मी पिवळी पडते. जमिनीखाली दम धरून राहायचं, ही आमची रीत. शिवम्मा तिच्यावर अनवाणी फिरायच्या आणि अप्पा विचारायचे, "निवायलेत का पाय?" शिवम्मांना बरं वाटायचं. अहो, थंडीत उघडी जमीनसुद्धा गारच असते! पण श्रेय मिळालं पाहुणीला.

चैत्र लागला. दोन्ही वेळ पाणी देऊनही पाहुणीचं पाचट झालं. शिवम्मांचे पाय पुन्हा पेटले आणि मी जागोजागी वर आले. चिडलेल्या अप्पांनी फवारणी करणाऱ्या बजरंगला तणनाशकाचा पंप घेऊन बोलावलं. "सगळं मारून टाक. फरशीच बसवू."

बजरंगनं पंप पाठीवर घेतला, तोच शिवम्मा अनवाणी येऊन माझ्यावर उभ्या राहिल्या.

"फवारायचंच असंल तर आदी माझ्या पायावर फवारा. हितं जरा बरं वाटायलंय."

"आगं, ती आपल्या उन्हातली हाय. तिच्यात कुठला आलाय गारवा?"

"मीबी उन्हातलीच हाय की!"

अप्पांनी हातानंच बजरंगला थांबवलं. बजरंगनं पंप उतरवला.

शिवम्मांची आग मी कायमची घालवीन, असं खोटं आश्वासन मी देणार नाही. पण रोज सकाळी त्या येतात, तेव्हा मी हिरवी असते. पाणी घाला, न घाला, तुमची मर्जी. पुन्हा कुणी बर्फाच्या देशाचं बी आणलं, तर खुशाल पेरा. थंडी संपेपर्यंत मी वाट पाहीन.