पाच नंबरचं उत्तर

"बसा खाली! पळाल तर भाजाल!" बाईंचा आवाज वाफेतून आला, बाई दिसल्या नाहीत.

इस्पितळाच्या तळघरातल्या धुलाईखान्यात भर दुपारी वाफेची नळी फुटली होती. सगळं इतकं पांढरंफटक झालं होतं, की स्वतःचा हातही परका वाटावा. बाई बावीस वर्षं धुलाईखाना सांभाळत होत्या, आणि आज आत त्यांच्या हाताखालच्या सहा जणी होत्या. आवाजात त्यांनी भीती उमटू दिली नाही. "लांब चादर धरा सगळ्यांनी. बसल्या बसल्या सरकायचं. मी थांबले की हजेरीचे नंबर सांगायचे. प्रभू सोबत आहे, घाई कशाला?"

दोन नंबर रडायला लागली.

"इथं काय पाणी कमी पडलंय? सरक पुढं," बाई म्हणाल्या.

दर चार हातांवर त्या थांबत. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. वाफेत आवाज कुठून येतो ते कळत नव्हतं. कुणीतरी अगदी कानाशी बोलल्यासारखं वाटे. पण सहाही नंबर येत होते, आणि बाई देवाचे आभार मानत सरकत होत्या.

दाराबाहेर त्यांनी डोकी मोजली. पाचच भरली.

"अबोली कुठाय?" सहा नंबरनं विचारलं.

अबोली म्हणजे नंबर पाच, जन्माची मुकी. बाई वाफेकडे वळल्या. "मग आत पाच कोण म्हणत होतं?"

चार नंबर चाचरत म्हणाली, "तुम्हीच की, बाई. रोज हजेरीला म्हणता तसं."

अकरा वर्षं अबोलीची हजेरी बाई मायेनं स्वतःच देत आल्या होत्या. तोंडाला सवयच लागली होती. आज आपलाच आवाज त्यांना ओळखू आला नव्हता.

"चूक माझी," त्या म्हणाल्या. "आत कुणी यायचं नाही. चादरीचं टोक धरून ठेवा."

आत त्यांनी हाक मारली नाही. हाकेला कोण उत्तर देईल याचीच भीती वाटली. ओठ मिटून, मनात प्रार्थना करत त्या थांबल्या. ठक्. पत्र्यावर कुणीतरी बोट वाजवत होतं. धावावंसं वाटलं, तरी पुन्हा ऐकू येईपर्यंत त्या हलल्या नाहीत.

अबोली खाली बसलेली सापडली, बाईंनी सांगितलं होतं तशीच. मुठीत चादरीची फाटकी किनार होती.

बाहेर आल्यावर बाईंचं अवसान गळालं. "माझं चुकलं गं पोरी, मीच तुझा..."

अबोलीनं फोड आलेला तळवा अलगद त्यांच्या तोंडावर ठेवला.