उमेदवार आर्लिस ट्वेट

मला शाळेच्या बोर्डावर जायचं नव्हतं, आणि तसं मी स्वच्छ सांगितलंही होतं. पण एल्सबर्गमध्ये स्वच्छ सांगितलेलं कुणाच्या कानात शिरत नाही. मिनेसोटाच्या या आमच्या कोपऱ्यात कुणी काही देऊ केलं, की दोनदा ‘नको’ म्हणायचं आणि तिसऱ्यांदा ‘बरं, तुम्ही एवढं म्हणताय तर’ असं पुटपुटत घ्यायचं. मग ती कॉफी असो की जमीन. पहिल्या झटक्यात ‘हो’ म्हणणारा हावरट, आणि दुसऱ्यांदा न विचारणारा कंजूष. चर्चमध्ये लिंबाच्या वड्यांचा ट्रे फिरतो तेव्हा शेवटची वडी कुणी उचलत नाही. जो तो तिचा अर्धा तुकडा कापून घेतो, आणि शेवटी मुंगीपुरता कण उरतो. अशा गावात ज्याला खरंच काही नको असेल त्याने करायचं काय?

ऑगस्टमध्ये चर्चच्या तळघरात कॉफी चालू असताना लॉरेन स्टाडहाइम, आमच्या पास्टरची बायको, उमेदवारीचा अर्ज घेऊन माझ्यासमोर येऊन बसली. जागा एकच होती आणि ती कुणालाच नको होती. आमची शाळा शेजारच्या गावच्या शाळेत मिसळायची की नाही हे नवं बोर्ड ठरवणार होतं, म्हणजे दोन्ही गावांच्या शिव्या फुकट.

“नको गं लॉरेन, मला नाही जमायचं,” मी म्हटलं.

“तुला नाही तर कुणाला जमेल?”

“खरंच नको. मी करीनकडे जाणार आहे.”

“मग जा की. चार दिवस लेकीकडे राहून आलीस तर बोर्ड कुठे पळून जातंय?” असं म्हणून तिने माझ्या हातात पेन दिलं. सगळं तळघर माझ्याकडे कौतुकाने बघत होतं. मी सही केली.

चार दिवस नव्हतेच ते. मला कायमचं जायचं होतं. करीन ॲरिझोनात, टुसानला असते आणि जानेवारीत तिला पहिलं बाळ व्हायचंय. माझा नवरा मायलो गेल्यापासून हे घर मला खायला उठतं. उन्हाळ्यात ती म्हणाली, “आई, इकडेच ये, मागची खोली तुझी.” मी म्हटलं, “नको गं, तुम्हाला अडचण.” सप्टेंबरात तिने पुन्हा विचारलं, मी पुन्हा नको म्हटलं. आता तिसऱ्यांदा तिने विचारलं की माझं ‘हो’ तयार होतं. खोटं कशाला बोलू, मी उन्हाळी कपड्यांची एक बॅगसुद्धा भरून ठेवली होती.

माझी सगळी भिस्त वेंडल ब्रेकीवर होती. त्यालाही लॉरेननेच धरून आणलं होतं. दूधवाला शेतकरी, पोक्त, सगळ्यांचा आवडता. मतपत्रिकांवर आमची दोघांची नावं छापून झाली होती, माघार घ्यायची मुदत उलटून गेली होती. पण वेंडल निवडून आला की मी सुटले, असा माझा हिशेब होता.

ऑक्टोबरात शाळेच्या जिममध्ये उमेदवारांची ओळख ठेवली. घडीच्या खुर्च्या भरल्या. लॉरेन वेळ संपली की वाजवायची घंटी हातात घेऊन बसली होती आणि जे गावाबाहेर आहेत त्यांना दिसावं म्हणून तिच्या मुलाने फोनवरून सगळं दाखवायची सोय केली होती. पहिला नंबर वेंडलचा आला.

“मी वेंडल ब्रेकी. तुम्ही सगळे मला ओळखता, त्यामुळे जास्त अपेक्षा नसणारच,” तो टोपी हातात फिरवत म्हणाला. लोक हसले. “मला शाळेतलं फार कळत नाही. आर्लिसला कळतं. मी तरी तिलाच मत देईन म्हणतो.” आणि बसला.

टाळ्यांचा कडकडाट झाला. मी वेंडलला मत द्या म्हणणार होते, मला जमणार नाही म्हणणार होते. आता तसं म्हटलं असतं तर तो नुसता शिष्टाचार झाला असता. मी जितकं नको म्हणेन तितकी मी त्यांना हवी होणार. चारी बाजूंनी दारं बंद, आणि बंद करणारे सगळे हसतमुख. मला त्यांचा इतका राग आला की काय सांगू.

मग सुचलं. या गावात निवडणूक हरायचा एकच खात्रीचा मार्ग आहे, तो म्हणजे तोंड वर करून मागणं.

“मी आर्लिस ट्वेट,” मी म्हटलं. “ही जागा मला हवी आहे. मनापासून हवी आहे. मायलो बोर्डावर होता तेव्हा डोकं माझंच चालायचं. या गावात माझ्याइतकं लायक कुणी नाही. वेंडल भला माणूस आहे, पण त्याला गाईंपलीकडे काही कळत नाही. मला निवडून द्या.”

पुढच्या रांगेतल्या बाईंनी नजर बुटांकडे नेली. लॉरेन घंटी वाजवायची विसरली. वेंडलचे कान लालबुंद झाले होते, त्याचं मला वाईट वाटलं, पण छातीवरचं ओझं उतरलं. संपलं. आता एकसुद्धा मत पडत नाही.

वेंडल सावकाश उठला.

“आर्लिसला हे इतकं हवंय हे मला ठाऊकच नव्हतं,” तो म्हणाला. “इतक्या वर्षांत तिने या गावाकडे काही मागितलं नाही. मायलो गेला तेव्हासुद्धा नाही. तिला तोंडाने मागायची वेळ आली, म्हणजे आपलंच चुकलं. मी मधे येत नाही. माझ्या लोकांनीही तिलाच मत द्यावं.”

लोक उभे राहिले. लॉरेनने येऊन मला मिठी मारली, तिचे डोळे भरले होते. “वेडे, मला एकटीला तरी सांगायचंस,” ती म्हणाली. मी बोलायला तोंड उघडलं की कुणी ना कुणी माझा हात दाबत होतं.

खिशातला फोन वाजला. करीन होती. मी गर्दीतून वाट काढत बास्केटबॉलच्या खांबामागे गेले.

“आई, बघितलं मी सगळं,” ती म्हणाली. तिचा आवाज जड झाला होता. “तुला तिथेच राहायचं होतं तर बोलली का नाहीस? मी आपली उगाच दोनदोनदा तुझ्या मागे लागले.”

“अगं, तसं नाही ते. मी मुद्दाम म्हटलं तसं, हरावं म्हणून.”

“आई, पुरे. तुला एवढं मनापासून काही मागताना मी जन्मात पाहिलं नव्हतं. मी नाही मधे येणार. बाळासाठी इथे एक बाई बघितली आहे आम्ही, तू काळजी करू नकोस.”

मी खांबाला टेकले. मग आयुष्यात जे कधी केलं नव्हतं ते केलं, कुणी विचारल्याशिवाय मनातलं खरं मागितलं. “करीन, मला तुझ्याकडे यायचंय.”

ती प्रेमाने म्हणाली, “माझ्या मनाला लागू नये म्हणून म्हणतेस ना? कळतं मला.”