पाठीमागचे सोफे

तेलगावजवळच्या माळावर यंदा 'जुन्या काळचा बाजार' भरला होता. कल्पना पुढारी सुंदररावांची. बैलगाड्या, मातीची भांडी, जात्यावरचं पीठ. कलाकारांनी धोतर-लुगड्यात यायचं, घड्याळ घालायचं नाही, माईक वापरायचा नाही. माईक फक्त स्टेजवरच्या भाषणांना. आता बोला! जुन्या काळी भाषणं जशी काय माईकवरच होत होती.

अंजनाचा जादूचा खेळ चार वाजता होता. घर मेंढरं राखणाऱ्यांचं, पण बाप सटवानं चाळीस वर्षं जत्रांमधून जादू केलेली. अंड्याची पिशवी हा त्याचा हुकमी खेळ. रिकामी कापडी पिशवी उलटीपालटी करून दाखवायची अन् सगळ्यांदेखत तिच्यातूनच अंडं काढायचं. गेल्या साली एका जत्रेत सुंदररावांची मंडळी स्टेजवर नेमकी त्याच्या पाठीमागं बसली. खेळ रंगात आला अन् मागून कोणीतरी ओरडलं, "बगलेत हाय बे, म्हाताऱ्याच्या बगलेत!" अख्खी जत्रा हसली. त्या दिवसापासून सटवानं पिशवीला हात लावला नव्हता. आज आला होता, पण गर्दीच्या पार मागं, कडब्याच्या गाडीला टेकून बसला होता. आज पुन्हा हसं झालं तर पिशवी चुलीत घालीन, असं त्यानं सकाळीच बजावलं होतं.

अंजना लुगड्याचा काष्टा आवळून स्टेजवर चढली अन् जागीच थबकली. मागं मांडवाच्या सावलीत अकरा सोफे! मधल्यावर सुंदरराव, आजूबाजूला तीच मंडळी.

तिनं माईकवाल्या नाथाला गाठलं. "नाथाभाऊ, ह्यांना खाली बसवा. जादू करणाराच्या मागं कोणी बसत नसतंय."

"येडी झालीस का? सायबांना उठवू? हार घाल त्यांना अन् उरक तुझं."

सुंदररावांच्या कानावर ते गेलंच. "कावून गं पोरी, भ्या वाटतंय का आमचं? तुझ्या बापाचा खेळ बी आमी मागूनच बघितलता."

अकराच्या अकरा सोफे खदाखदा हसले. अंजनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं समोर बघितलं. माणसं कपाळावर हात धरून, डोळे बारीक करून बसली होती. मावळतीकडचं ऊन स्टेजवरून थेट त्यांच्या डोळ्यात जात होतं, अन् समोरून येणारा गार वारा तिचा शब्द तिच्याच तोंडात कोंबत होता. सटवानं तिला लहानपणीच शिकवलं होतं, ऊन आपल्या तोंडावर घ्यायचं अन् वारा पाठीवर, मग माईक लागत नाही. इथं सगळंच उलटं. स्टेज मांडणाऱ्यानं फक्त सोफ्यांची सावली बघितली होती, दुसरं काय!

तिनं नाथानं हातात दिलेला हार टेबलावर ठेवला, पिशवी कमरेला खोचली अन् पायऱ्या उतरली.

"ए, कुठं चाललीस?" नाथा ओरडला.

"खेळ करायला."

गर्दीतून वाट काढत ती थेट कडब्याच्या गाडीपाशी आली. कडबा डोक्याच्या वर रचलेला, त्यातून मुंगीसुद्धा डोकावणार नाही. "आबा, सरका जरा," म्हणत ती गाडीला पाठ लावून उभी राहिली अन् पोटातून ओरडली, "मायबाप, फिरून बसा! खेळ हिकडं हाय!"

आधी मागच्या रांगेतल्या बाया फिरल्या. उशिरा आल्यामुळं त्यांना इतका वेळ फक्त पुढच्यांचे फेटे दिसत होते, आता त्याच पहिल्या रांगेत आल्या. मग पुढची रांग फिरली, मग तिच्या पुढची. डोळ्यावरचं ऊन गेलं, कपाळावरचे हात खाली आले. बघता बघता सगळ्या माळानं सोफ्यांकडं पाठ केली.

"सर्वांनी कृपया स्टेजकडं तोंड करावं," नाथा माईकवर काकुळतीला आला. कोण ऐकतंय!

अंजनानं पिशवी उलटी केली, झटकली, पहिल्या बाईला आत हात घालायला लावला. रिकामी. तेवढ्यात स्टेजवरून माईक गरजला, "बगलेत हाय, बगलेत!"

याचीच तर ती वाट बघत होती. तिनं दोन्ही हात आभाळाकडं केले अन् गर्रकन गोल फिरली. "हाय का?"

"न्हाई!" माळ ओरडला.

मग तिनं पिशवी सटवापुढं धरली. "आबा, काढा."

"नको, अंजे." म्हाताऱ्यानं दोन्ही हात मागं घेतले.

"मागं कोणी न्हाई, आबा. मी बघितलंय."

सटवानं हात धोतराला पुसला अन् पिशवीत घातला. बाहेर आला तेव्हा बोटांत पांढरंशुभ्र अंडं होतं. अंडं खरं आहे हे दाखवायला त्यानं ते शेजारच्या बाईच्या पितळीत फोडलं. अशा टाळ्या पडल्या की गाडीचे बैल बिथरले. अंजनाला रडू आलं अन् तिनं ते येऊ दिलं.

टाळ्या थांबल्या तसा माईकवर सुंदररावांचा आवाज आला. "ए पोरी, पुन्हा एकदा कर. इथून आमाला काय बी दिसलं न्हाई."

अंजना तोंड उघडणार, तोच सटवा उठून उभा राहिला. माईकबिईक काही नाही, चाळीस वर्षं जत्रेत कमावलेला आवाज. "खाली या मालक! आता मी करतो."

सोफ्यावर बराच वेळ चुळबुळ झाली. शेवटी सुंदरराव पायऱ्या उतरले अन् सगळ्यात मागच्या रांगेत, टाचा उंचावून उभे राहिले. सटवानं एकवार वळून कडब्याकडं बघितलं. मग पिशवी हातात घेतली अन् सगळ्यांदेखत उलटी केली.