फळीला चौथ्यांदा रंग

चौथ्या वर्षी चौथ्यांदा मी बाबांच्या खोलीतल्या खिडकीपुढे गुडघे टेकून बसले होते आणि डोकं नुसतं भणभणत होतं. थंडीत काचेवर रात्रभर वाफ धरते, सकाळी तिचं पाणी ओघळतं आणि खालच्या लाकडी फळीत मुरतं. रंगाला फोड येतात, फोड फुटले की काळी बुरशी. मग मी खरवडायचं, पॉलिश पेपरने घासायचं, फळी सुकवायची, भेगांत लांबी म्हणजे पुट्टी भरायची, अस्तर लावायचं, वर रंगाचे दोन हात द्यायचे. आणि पुढच्या थंडीत फळीने मला वेडावून दाखवायचं.

घरातल्या साऱ्या खिडक्या बाबांनी स्वतः केलेल्या. जन्मभर सुतारकाम केलं. आता हात थरथरतात म्हणून पटाशी सुटली. दादाने मात्र उद्या ॲल्युमिनियमवाल्याला मापं घ्यायला बोलावलं होतं. फोनवर मी त्याला नको नको ते बोलले. "बाबांच्या डोळ्यांदेखत त्यांचं काम उखडतोस, लाज नाही वाटत?" तो फक्त "बघू" म्हणाला. त्याचं ते 'बघू' ऐकलं की माझं पित्त खवळतं.

त्यामुळे फळी आजच्या आज धडधाकट व्हायला हवी होती. पण रंग खरवडायची पत्री टोचली तर बोटभर आत गेली. मी पत्री आपटली.

"काहीही करा, पाणी साचतंच मेलं!"

"साचतं?" बाबा खुर्चीतून म्हणाले. "साचायला नको."

"मग या, बघा तुम्हीच!"

दरवर्षी "तुम्ही बसा हो, मी करते" म्हणून मी त्यांना लांबच ठेवायचे. आज ते आले. काचेलगतच्या खाचेत त्यांनी थरथरतं बोट फिरवलं. एकदा, मग पुन्हा.

"इथली दोन भोकं कुठं गेली?"

"ती किडीची? लांबी भरून बुजवली की. पहिल्याच वर्षी, नुसता जुना रंग विटला म्हणून रंगवलं तेव्हा."

"अगं, ती मी पाडलेली. खाचेतलं पाणी बाहेर जायला."

चार वर्षं मीच मन लावून त्या फळीचा जीव घेत होते. इतका राग आला स्वतःचा, की रंगाचा डबा भिरकावून द्यावासा वाटला.

बाबा मात्र रागावले नाहीत. हळूच माझ्याशेजारी जमिनीवर बसले.

"मला वाटलं, माझंच काम कच्चं निघालं," ते म्हणाले. "म्हणून दादाला मीच सांगितलं, काढून टाक सगळ्या. आणि तुला कळू देऊ नकोस म्हणालो."

मला रडू कोसळलं. मग नाक पुसून मी ड्रिल आणलं.

"तिरपं धर. अजून खाली," बाबा सांगत होते. "फळी नवी लागेल. माप मी देतो, हात तुझे."

भोकं मोकळी झाली. बाबांनी तांब्यातलं पाणी खाचेत ओतलं, ते झरझर बाहेर गेलं.

"आता दादाला फोन लाव," बाबा म्हणाले. "आणि आधी त्याची माफी माग."