काचेमागचा झिपो

वामनराव घुल्यांची उभी हयात वाशीच्या एपीएमसीतल्या कांदा-बटाटा मार्केटात गेली होती आणि तिथला एक रिवाज त्यांच्या हाडीमाशी खिळला होता. वर दिसतो तोच कांदा गोणीच्या तळाला असला पाहिजे. गिऱ्हाईक म्हणालं तर गोणी जागच्या जागी पालथी घालायची. ज्याला तळ दाखवायची भीती वाटते त्याने धंद्यात पडू नये, हे ते येताजाता ऐकवायचे आणि घरचे मुकाट्याने जेवायचे.

मुलाने, अभिरामने, गाळ्यावर बसायला साफ नकार दिला आणि वाशीतच व्हिडिओ गेमची मशीनं आणि कॅसेट विकायचं दुकान टाकलं. नोकरीचे अर्ज करून करून पोरगा थकला होता. हेही बुडालं तर आपण कशाच्याच लायकीचे नाही, असं त्याने मनाशी धरलं होतं. बापाला ते दिसत होतं. म्हणून मार्केट उरकलं की वामनराव दुकानात येऊन बसत.

"मशीन मजबूत हाय. खपंल," ते म्हणत.

"मशीन कोण बघतंय, बाबा? लोक झिपोसाठी येतात. झिपो नसला तर तो नुसता डबा आहे."

झिपो म्हणजे गेममधला चष्मा लावलेला एक कोल्हा. त्याचे पहिले दोन भाग पोरांनी शेजारीपाजारी खेळून पार झिजवले होते. तिसऱ्या भागाची एकच कॅसेट अभिरामच्या हाती लागली होती आणि ती त्याने काचेमागच्या टीव्हीला जोडून ठेवली होती. क्लासहून सुटलेली पोरं काचेला नाक लावून उभी राहायची, मागोमाग आईबाप मशीनचा खोका घेऊन जायचे. खोक्यात मात्र गाड्यांची नाहीतर टेनिसची कॅसेट असायची. "झिपो पुढच्या आठवड्यात येतोय, फोन करतो," असं अभिराम सांगायचा. घाऊकवाल्याने तो माल आणणं केव्हाच बंद केलं होतं.

वामनरावांना हे कळलं ते नेरूळच्या स्मिता देसाई आल्या तेव्हा. बाईंनी आवाज चढवला नाही. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुम्ही फोन करणार होतात, दादा. माझी वैदेही पायाच्या ऑपरेशनपासून घरातच असते. झिपो येणार म्हणून तिने बिल्डिंगमधल्या मैत्रिणींना वर बोलावलं. त्या आल्या, गाड्या बघितल्या आणि गेल्या. परत कोणी येत नाही. मला मशीन परत करायचं नाहीये. कॅसेट कधी येणार, तेवढं खरं सांगा."

"टेन्शन नका घेऊ, ताई. सोमवारी नक्की..."

"अभिराम," वामनराव म्हणाले, "माल हाय का येनार? आं?"

अभिराम बिलबुक चाळू लागला. वामनरावांना शरम वाटली. ते उठले, काच सरकवली आणि चालू मशीनमधून कॅसेट उपसली. उडी मारता मारता कोल्हा नाहीसा झाला. बाहेर पोरांनी एकच गिल्ला केला. वामनरावांनी कॅसेट बाईंच्या हातात ठेवली. बाईंनी एकदा अभिरामकडे पाहिलं आणि मग ती पर्समध्ये टाकली.

दुसऱ्या दिवसापासून काचेमागे गाड्या पळू लागल्या. पोरं थबकायची आणि पुढे जायची. मशीन तेच होतं, तेवढंच मजबूत. वामनराव स्वतः खोका उघडून त्याची वाखाणणी करत. "झिपो आहे का?" गिऱ्हाईक विचारी. "नाही" म्हटलं की चालू पडे. ऐन दिवाळीतही खोकी हलली नाहीत. धंद्यातलं पोराला कळत होतं ते आपल्याला कळलं नव्हतं, हे म्हाताऱ्याला पटलं आणि फार लागलं.

दुकान रिकामं करायच्या दिवशी अभिरामने सांगितलं, पनवेलला कुरियरमध्ये काम मिळालंय, कामोठ्याला मित्राच्या खोलीवर राहीन.

"माझ्यावर राग धरलास?" वामनरावांनी विचारलं.

"तुम्ही केलं ते बरोबरच होतं, बाबा." तो खोकी रचत राहिला. "पण त्या ताईंना खरं मीच सांगणार होतो. तुम्ही मला तेवढा वेळच दिला नाही."

सांगणार होता की नव्हता, हे वामनरावांना आता कधीच कळणार नव्हतं.